बाकल्याच्या चार ओळी

बाकला ही पावट्यासारखी, मोठ्या दाण्यांची शेंग; तिच्या बीला एका टोकाला काळी रेघ असते, चार-पाच मिलिमीटर लांब. पेरताना ती खाली ठेवायची, असं एफिसिओ दर एप्रिलला सांगत असे. आजही त्यानं अंगठ्याच्या नखाएवढ्या चपट्या बिया टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. शेजारी कॅलेंडरचं उलटं पान, आणि त्यावर पट्टीनं आखलेली परसबाग.

"कुंपणालगत लसूण," पेन्सिल फिरवत तो लेकीला म्हणाला. "मधे फ्लॉवर आणि पालक. उन्हाच्या बाजूला बाकला, चार ओळी. पंचवीस तारखेच्या आत बी मातीत गेलं पाहिजे."

ग्राझिएला खांद्यावरची पिशवी न उतरवता उभी राहिली. ॲडलेडमधल्या एका इस्पितळात ती रक्त तपासायची आणि मुलीसह वडिलांकडेच राहायची. गेल्या वसंतात, म्हणजे तिथल्या ऑक्टोबरात, तिच्या पाच वर्षांच्या इलारियानं याच परसातल्या कोवळ्या शेंगा उभ्या उभ्या सोलून खाल्ल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पोर पिवळी पडली, लघवी काळ्या चहासारखी झाली. हिमोग्लोबिन पाचावर आलं. रक्तातला दोष आनुवंशिक होता. अशा रक्तातल्या पेशी बाकल्यानं फुटतात.

"बाकला नाही, पापा."

"पोरीला सांग, हात लावायचा नाही. तुला नव्हतो सांगत, विहिरीत डोकावू नकोस म्हणून?"

"विहिरीवर झाकण होतं."

"वीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीस आणि शेंगेला घाबरतेस! मायदेशी आमच्या गावात सगळे खायचे."

"सगळे?"

"सगळे."

"तुम्ही?"

पेन्सिल थांबली. "मला चव आवडत नाही."

"आजी शेंगा सोलायला बसली की तुम्हाला अंगणाबाहेर पिटाळायची. तुमचा भाऊ असाच गेला होता, म्हणून. पेप्पिना आत्यानं सांगितलं मला. पोरीला रक्त चढत होतं तेव्हा." तिचा आवाज चढला नाही. "तुम्हाला ठाऊक होतं. साठ वर्षं ठाऊक होतं. मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"घरातलं दुखणं चारचौघांत सांगतात होय? तुझं लग्न तरी झालं असतं का?"

"मोडलंच ना शेवटी. तेवढ्यासाठी लपवलंत?"

एफिसिओनं बिया हातानं कडेला सारल्या, पुन्हा ओळीत लावल्या. "हे बी माझ्या बापानं गावाहून आणलंय. एक वर्ष खंड पडला की संपलं."

"बी चार वर्षं टिकतं. कोरड्या डब्यात त्याहून जास्त."

"तू मला बियाणं शिकवू नकोस!" त्यानं टेबलावर मूठ आपटली. दोन बिया फरशीवर पडल्या. ग्राझिएलानं खाली वाकून दोन्ही उचलल्या, बाजूला ठेवल्या नाहीत, मुठीतच धरल्या. पोरीला दिसल्या असत्या.

म्हाताऱ्यानं ते पाहिलं. मग त्यानं पट्टी घेतली आणि चारही ओळींभोवती एक चौकोन आखला, नीट, कोपरे जुळवून.

"हे बघ. जाळी घालतो. कमरेएवढी. आणि फाटकाला कडी. झालं तुझं समाधान?"

चौकोनाच्या आत चार ओळी जशाच्या तशा होत्या.

ती त्या पानाकडे बघत राहिली. पोरीला दवाखान्यातून घरी आणल्यापासून एक वाक्य ती रोज सकाळी चहाबरोबर गिळत होती. वडील एकटे आहेत, गुडघे गेलेत, उन्हाळा सरू दे, शाळा सुरू होऊ दे, अशी कारणं काढत.

"जाळीची गरज नाही, पापा," ती म्हणाली. "चार कशाला, आठ ओळी लावा. मी घर पाहिलंय. शनिवारी मी आणि इलारिया जातोय."

"कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर. तिथं मातीच नाही."