आजची हवा

फराफ्राच्या वाळवंटात, नफीसाआजीच्या विहिरीवर नमुना घ्यायला आलेल्या रीहामनं तांब्याची नळी पाण्यानं भरली आणि दोन्ही टोकं करकचून आवळली.

“एवढं आवळतेस? पाणी काय पळून जाणार आहे?”

“पाणी नाही आजी, त्यात विरघळलेले वायू. त्यांच्यावरून पाण्याचं वय कळतं. आजची हवा आत शिरली की सगळं फुकट.”

आजीनं तिला घरात नेलं. कोपऱ्यात खजूर साठवायचा रांजण होता, तोंड मातीनं लिंपलेलं.

“यात माझ्या म्हाताऱ्याचं मुंडासं आहे. विहीर खणताना बांधायचा. तो गेला त्या दिवशीच लिंपलं मी. बावीस वर्षं झाली.”

“वास राहिला असेल अजून?”

“तुझी नळी कितीदा उघडता येते?”

“एकदाच.”

“माझंही तेच, पोरी. म्हणून तर रोज उद्यावर ढकलते.”