दोन इंजिनं

समोरच्या कटिंगच्या दुकानातला टीव्ही लागला. म्हणजे लाईट आली होती. दगडोबानं उठून गिरणीचा मेन स्विच वर करायला पाहिजे होता. पण बॉयलरवरचे अकरा रिव्हेट राहिले होते, म्हणून त्यानं स्विच तसाच खाली राहू दिला.

रिव्हेट म्हणजे मोहरीचे दाणे, अन् बॉयलर म्हणजे पावडरचा रिकामा डबा. हिंगोली टेशनावर छोट्या लाईनचं वाफेचं इंजिन शेवटी शेवटी यायचं, तेव्हा दगडोबानं ड्रायव्हरच्या शिव्या खाऊन ते सुतळीनं मापून घेतलं होतं. खऱ्या इंजिनाचा एक हात म्हणजे आपलं एक बोट, असं त्याचं माप. सायकलच्या तारांचे दांडे, बामच्या डब्यांच्या झाकणांची चाकं. गिरणीच्या मागच्या खोलीत पोत्यावर बसून तीन वर्षं तो हे खेळण्यातलं इंजिन बनवून राहिला होता.

तीन वर्षं लागली, कारण वेळ कुठून आणायचा? सकाळी दळण, संध्याकाळी दळण. उरलेल्यात शेरडं, दोन पोरींची शाळा, बापाचं औषध. मग दोन हजार सहा साली लोडशेडिंग वाढलं, रोज अकरा ते तीन. सारं नर्सी गाव शिव्या घालायचं. दगडोबा बी सगळ्यांत मिसळून घालायचा, अन् मनातून अकरा वाजायची वाट पाहायचा. लाईट गेली की गिरणी गप्प, बाया डबे ठेवून आपापल्या घरी, अन् हा गडी मागच्या खोलीत. पण चार तास बी पुरेनात. तीन वाजून गेले तरी त्याचा हात काही स्विचकडं जाईना.

"अवो, साऱ्या गावात लाईट हाय. आपल्याच गिरणीला काहून न्हाई?"

दारात बायको, चांगुणा, उभी होती. तिच्या मागं दळण घेऊन आलेली म्हातारी अनुसयाबाई, कमरेवर हात ठेवून.

"विचार त्याला!" अनुसयाबाई कडाडली. "परवा माझ्या उपासाच्या भगरीत जवारी गेली. एकादस मोडली माझी! ध्यान कुठं असतं याचं?"

दगडोबा फ्यूज गेला म्हणणार होता. पण बोटाला मोहरी चिकटलेली, मांडीवर इंजिन. बोलतो काय कपाळ! चांगुणानं इंजिनाकडं बराच वेळ पाहिलं. मग गेली अन् स्वतःच स्विच वर केला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

पुढचे आठ दिवस तिनं तो विषय काढला नाही. दोनदा तेवढी वारंगा फाट्याला भावाकडं जाऊन आली, काम काय ते सांगितलं नाही. तिचा भाऊ रणजीत तिथं ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. नवव्या दिवशी तोच टेम्पो घेऊन दारात आला. टेम्पोत डिझेलचं इंजिन.

"दाजी, लाईटची कटकटच मिटली बघा," रणजीत म्हणाला. "आता अकरा ते तीन बी गिरणी चालू. अक्कानंच सांगितलं, इंजिन बसव म्हणून."

बाया खूश झाल्या. दगडोबा एरंडेल प्यायल्यासारखा हसला. त्याला सगळं बराबर कळलं होतं. चांगुणानं भांडण केलं नाही, वेळच काढून घेतला. चूक आपलीच. त्यानं आपलं इंजिन जुन्या लुगड्यात गुंडाळलं अन् माळ्यावर टाकलं. रडू आलं त्याला. चाळिशीच्या बाप्यानं खेळण्यापायी रडायचं म्हणजे लाजच, पण आलं.

दुसऱ्या दिवशी अकराला लाईट गेली. कोणी बाई घरी गेली नाही. दगडोबानं बाह्या सारल्या, इंजिनाचं हँडल उचललं. तेवढ्यात चांगुणानं ते त्याच्या हातातून घेतलं.

"सरका."

"तुला न्हाई जमायचं. उलटं फिरलं तर हात मोडंल."

"मग दोनदा फाट्याला काय हळदीकुंकवाला गेले होते व्हय मी?"

तिनं पदर खोचला, हँडल लावलं, दात-ओठ खाऊन फिरवलं. इंजिन दोनदा खोकललं अन् सुरू झालं. पट्टा फिरला. पहिलं दळण तिनं स्वतः टाकलं. घाम पुसत ती मोठ्यानं हसली. बारा वर्षांत दगडोबानं तिला गिरणीत असं हसताना पाहिलं नव्हतं.

"बारा वर्षं लोकांचे डबे झाडून राहिले," ती त्या आवाजात ओरडून म्हणाली. "पट्ट्याला हात लावू दिला का कधी? आता लाईट हाय तवर गिरणी तुमची. लाईट गेली की माझी. अन् लाईट आली की मुकाट्यानं उठायचं, सांगून ठेवते!"

"अन् तवर मी काय करू?"

"माळ्यावर काय टाकलं ते काय मला दिसलं न्हाई?"

दगडोबाच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तो माळ्याकडं असा पळाला की अनुसयाबाईचा डबा पायाखाली येता येता राहिला. "अरे माझी भगर!" म्हातारी ओरडली, अन् सगळ्या बाया हसल्या.

तेव्हापासून रोज अकराला बल्ब विझायचा. बाया म्हणायच्या, "गेली मेली!" अन् चांगुणा हँडल उचलून नवऱ्याला हाक द्यायची, "अवो, सरका! जा मागच्या खोलीत, तुमची लाईट आली!"