मुनिस्वामीचं माप

शिवाजीनगरच्या दुकानात पिराजी शिंपी आणि गुंडू आठवडाभर भांडत होते. गुंडू कारखान्याच्या फुटबॉल संघाचा सेक्रेटरी, तर पिराजी मिलच्या संघाचा कट्टर भक्त.

"मुनिस्वामीला आणखी तीन वर्षं? महिना चारशे रुपये देऊन? खुळे झालात काय, गुंडूअण्णा! सहीआधी मैदानावर स्वल्प पळवून तरी बघा."

"जळतोस तू! गेल्या हंगामात तुमच्यावर पाच गोल ठोकलेत त्यानं."

शनिवारी सही झाली. सत्कारासाठी शिवलेला मुनिस्वामीचा सूट न्यायला गुंडू पेढे घेऊनच आला. पिराजी पँटीवर इस्त्री फिरवत होता. गुंडूने सहज मापांची वही उघडली, आणि पेढा त्याच्या हातातच राहिला. गेल्या वर्षी मुनिस्वामीच्या दोन्ही मांड्या तेवीस इंच होत्या. यंदा डावी तेवीस, उजवी वीस.

"पाय वाळलाय की रे त्याचा! आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस?"

पिराजीने वही ओढून घेतली आणि मिटली.

"गिऱ्हाइकाच्या अंगाचं शिंप्यानं बाहेर सांगायचं नसतं, अण्णा. म्हणून तर आठवडाभर नुसता भांडत होतो."