एकशे ब्याऐंशी दिवस

रेमेदियोसचा नवरा योस्ट मूळचा डच. "स्पेनमध्ये वर्षाचे एकशे त्र्याऐंशी दिवस भरले, की सगळ्या कमाईवर इथला कर लागतो गं," असं सांगून अकरा वर्षं तो उन्हाळ्यात मायदेशी जायचा आणि नाताळच्या तोंडावर परतायचा.

यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. मूलबाळ नव्हतं. त्याला न सांगता ती अलिकान्तेच्या कर कार्यालयात गेली आणि त्याचं ओळखपत्र पुढे करत म्हणाली, "बाळा, माझी बदामाची बाग विकते आणि हा कर भरते. पण त्याला बारा महिने घरी राहू दे."

कारकुनानं नोंद पाहिली. "काकू, ते तर अकरा वर्षं इथलाच पूर्ण कर भरतायत."



"पत्ता तेवढा मुर्सियाचा आहे," नोंद पुढे वाचत तो म्हणाला, "इथून तासाभरावर. दोन लहान मुलींसाठीची सूटही घेतात."