मानाचं डोकं

किर्गिझ डोंगरात मेंढ्या वाढाव्यात म्हणून शारशेनबेक साहेबांनी कृषी खात्यात उभी हयात घालवली. दर पाहणीला त्यांचा लवाजमा आला की गाव रिवाजाप्रमाणे मेंढे कापी आणि मानाचं डोकं साहेबांच्या ताटात ठेवी. कळप काही वाढेनात. साहेब ते डोकं खाऊन गावाच्या आळसावर भाषण देत आणि पुढच्या गावाला जात.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते त्यातल्याच एका गावात सहज फिरकले, तर सगळा उतार मेंढ्यांनी भरलेला. साहेबांचा ऊर भरून आला.

"बघितलंत आपा, शेवटी आमच्या धोरणाला फळ आलंच."

"आलं की," चहा ओतत म्हाताऱ्या अनारकान आपा म्हणाल्या. "तुमच्या जागेवर अजून कुणाला नेमलं नाही ना. घ्या, चहात नान बुडवून खा."