चाळणीचा बारावा शेरा

अकराव्यांदा परत आलं तेव्हा तिने लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की आतल्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं, "काय गं, फुटला का?"

"लॅपटॉप नाही फुटला, बाबा. पण चाळणीचं डोकं फोडावंसं वाटतंय."

सासरे चष्मा पुसत बाहेर आले. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तेव्हापासून ही सवयच लागली होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. दुपारभर ते जुन्या कॉम्प्युटरवर परदेशातल्या कोणाशी तरी बुद्धिबळ खेळत आणि संध्याकाळी सुनेची गाऱ्हाणी ऐकत. दोन्ही कामं मन लावून करत.

"आता काय खुसपट काढलंय त्याने?"

काढायचं काही शिल्लक ठेवलं होतं का त्याने! ती ज्या मोफत संगणक प्रणालीसाठी राबत होती, तिच्यात हजारो छोटे प्रोग्राम होते आणि जगभरातली हौशी माणसं ते वाटून घेऊन सांभाळत. तिच्या वाट्याला चाळीस आले होते. कोणीही काही दुरुस्त केलं की ते एकाच तपासनीसाच्या दारात जाऊन पडे. त्याचं नाव, चेहरा, गाव, कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला चाळणी म्हणत. तो एकेक ओळ स्वतः वाचायचा. तारीख चुकली, परत. कारण लिहिलं नाही, परत.

मागच्या वर्षी तिच्या एका प्रोग्राममध्ये चोरांना शिरता येईल असं भोक सापडलं. तिने ते एका दिवसात बुजवलं. ती दुरुस्ती चाळणीच्या दारात एकोणीस दिवस ताटकळली आणि तेवढ्यात एका दवाखान्याच्या सगळ्या नोंदी चोरट्यांनी कुलूपबंद केल्या. प्रोग्राम तिच्या नावावर, म्हणून शिव्याही तिलाच. सासऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालता घालता तिने त्या फोनवर वाचल्या होत्या.

तेव्हापासून तिने कंबर कसली होती. नवी पद्धतच लिहून काढली. दुरुस्ती आली की यंत्रच ती चालवून बघेल, बारीकसारीक चुका तेच पकडेल, माणसाने फक्त महत्त्वाचं बघायचं. पण हिलाही मंजुरी लागणार ती चाळणीचीच. शुक्रवारपर्यंत मिळाली नाही, तर पुढची दोन वर्षं सगळं जुन्याच पद्धतीने चालणार होतं.

"बाकीच्यांचं दोनदा परत येतं," ती म्हणाली. "माझंच अकरा वेळा. सूड उगवतोय मेला."

"किंवा तुझ्या कामाकडे कोणी बोट दाखवू नये असं वाटत असेल त्याला."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका हं!"

"मी कशाला घेऊ? तू लढ. पण या वेळी हरकत कशाला आहे?"

"नोंदीला. प्रत्येक निर्णय कोणत्या इंटरनेट जोडणीवरून आला, तो आकडा यंत्र लिहून ठेवणार. तो म्हणतो, ही ओळ काढा."

सासऱ्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "हवीच का ती?"

"हवीच! हा एक माणूस आहे की चौघं मिळून एकच नाव चालवतात, कळायला नको? आमचं सगळं काम ज्याच्या हातात, त्याने लपून का बसायचं?"

"मग काढू नकोस," ते सावकाश म्हणाले आणि खोलीकडे वळले.

"तुमचा डाव कसा चाललाय?"

"समोरचा खेळाडू भलताच चिवट आहे. किती अडवलं तरी पुढेच येतो."

गुरुवारी तिने चाळणीचे वर्षभराचे तीनशे बारा शेरे गोळा केले आणि ती सगळी कामं यंत्रापुढे टाकली. दोनशे नव्वद चुका यंत्राने चार मिनिटांत पकडल्या. तिने ते सगळ्यांसमोर मांडलं आणि खाली लिहिलं, 'तुमच्या वर्षभराला यंत्राची चार मिनिटं लागली. ओळ हटणार नाही. मीही हटणार नाही.' आणि पाठवून दिलं.

उत्तर आलं, 'उरलेल्या बावीसांचं काय?'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागारागाने ती ते बावीस शेरे वाचायला बसली आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. त्या बावीस ठिकाणी प्रोग्राम बिनचूक चालत होता, पण वापरणाऱ्याचं नुकसान झालं असतं. यंत्राला ते दिसणं शक्यच नव्हतं. तिने पद्धतीत एक पायरी वाढवली, अशा ठिकाणी काम थांबेल आणि दोन माणसांना विचारलं जाईल. आकड्याची ओळ मात्र जशीच्या तशी ठेवली. शुक्रवारी सकाळी बाराव्यांदा पाठवलं.

जेवून सासरे लगेच उठले. "आज डाव संपवतो," एवढंच म्हणाले आणि खोलीचं दार लोटून घेतलं.

तीन वाजता शेरा आला.

'मंजूर. ओळीसकट. आता चाळणीची गरज उरली नाही. ते एकोणीस दिवस माझ्या नावावर होते, तुमच्या नाही. हे सगळ्यांना कळवलं आहे.'

"बाबा!" ती ओरडलीच. "जिंकले! चाळणीला पाणी पाजलं!"

सासरे दारात आले. "मी हरलो बुवा," ते म्हणाले, पण चेहरा काही हरलेल्या माणसाचा नव्हता. "बस तू. चहा मी टाकतो."

मंजुरी नव्या पद्धतीतूनच दिलेली होती, त्यामुळे यंत्राने पहिली नोंद तिचीच केली होती. आधी मागणाऱ्याचा आकडा, खाली मंजूर करणाऱ्याचा. तिने खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांनी चाळणीचा ठावठिकाणा लागणार होता. वरचा आकडा या घराचा; जोडणी तिनेच घेतली होती, त्यामुळे तिला तो पाठ होता. तिने बोट खालच्या आकड्यावर नेलं.

तोही पाठ होता.