स्वच्छ ग्रुप

"नसेल कसा? मी स्वतः टाकलाय तो मेसेज!" रघुवीर साहेबांनी टेबलावर थाप मारली, तशी चैत्रालीने चहाचा कप बाजूला सरकवला.

ती कार्यालयातली लिपिक. साहेब मे महिन्यात इथूनच नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता तिच्यासमोर अर्जदाराच्या खुर्चीत बसले होते. गेल्या पावसाळ्यात वरच्या वाडीवर दरड आली, त्यात ठकूबाई गेली. वाडी खाली हलवायचा आदेश साहेबांनी दिलाच नाही, असा त्यांच्यावर ठपका होता. चौकशीची शेवटची सुनावणी उद्या. महाडच्या बाजारात ओळखीचे लोक त्यांना बघून रस्ता बदलू लागले होते.

आदेश तर त्यांनी दरड येण्याआधीच दिला होता. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तलाठी निषादने त्यावर होकाराचा अंगठाही टाकला होता. आणि आता तोच निषाद म्हणत होता, असा मेसेज आलाच नाही.

"लेखी काही, साहेब? जावक क्रमांक?"

"लेखी कशाला? आपलं कार्यालय कागदमुक्त होतं!" साहेबांनी भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रकाकडे बोट दाखवलं. त्यावर त्यांचंच नाव होतं. "सगळं ग्रुपवर, आणि शिस्तीत. मी येण्याआधी काय उकिरडा होता, आठवतं ना? सुप्रभात, गुलाबाची फुलं, वाढदिवसाचे केक. कामाचा मेसेज सापडेल तर शपथ! एके दिवशी डोकं फिरलं आणि ग्रुप हातात घेतला. तेव्हापासून कसा, झाडलेल्या अंगणासारखा!"

"हो, साहेब."

"मग माझा आदेश गेला कुठे? माझ्या फोनवर नाही, तुझ्या नाही. निषादनेच कुणाला तरी हाताशी धरून पुसला असणार!"

"पुसला तर पुसल्याची खूण राहते, साहेब."

दारात ठकूबाईची सून रंगूबाई येऊन उभी होती. उद्या साक्षीला किती वाजता यायचं, ते विचारायला आलेली. साहेबांना बघून ती थबकली.

"सायब, येक सांगा. तुमी खराच काय कळवला नाय?"

"कळवलं होतं हो, बाई!" साहेबांचा आवाज चिरकला. "देवाशप्पथ कळवलं होतं."

"मंग उद्या दाखवा ना. आमाला तेवढाच बघायचा हाय." ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पोलादपूरच्या एसटीला अजून वेळ होता.

साहेबांना भरून आलं, आणि भरून आलं याचाही राग आला. "मेसेज काय हवेत विरतात? कुणीतरी केलंय हे. त्याचं नाव मला उद्या सुनावणीत हवंय, चैत्राली. नाव!"

"नाव आहे, साहेब," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून सांगायचं टाळत होते."

तिने ग्रुप उघडून फोन त्यांच्यापुढे धरला आणि अंगठ्याने वर सरकवत नेला. या आठवड्याचे मेसेज भर्रकन संपले. त्यांच्या वर थेट दोन वर्षांपूर्वीची गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि केक होते, सगळे जसेच्या तसे. मधे करड्या अक्षरांत एकच ओळ होती: 'रघुवीर साहेब यांनी सेटिंग बदलली आहे. यापुढचे सर्व मेसेज सात दिवसांनी आपोआप नाहीसे होतील.'